मसल स्लूचा जमीनतंटा कसा अभ्यासावा

कॅलिफोर्नियातील मसल स्लू येथे सदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी आणि तेथील शेतकरी यांच्यातील जमिनीच्या तंट्यातून 11 मे 1880 रोजी झालेल्या गोळीबारात सात जण मृत्युमुखी पडले. परंतु अभ्यासाची सुरुवात या चकमकीपासून करू नये. प्रथम 1866 चा अनुदान कायदा, म्हणजे रेल्वे बांधणीसाठी कंपनीला सरकारी जमीन देणारा कायदा, वाचावा, कारण त्यानुसार रेल्वेमार्गालगतचे विषम क्रमांकाचे भूखंड, बुद्धिबळाच्या पटावरील एकाआड एक घरांप्रमाणे, कंपनीच्या वाट्याला येणार होते. त्यानंतर सदर्न पॅसिफिकची जाहिरातपत्रके बारकाईने तपासावीत. एकरी अडीच डॉलर ही त्यांत किमान किंमत होती, कमाल नव्हे, आणि माझ्या मते तंट्याचे मूळ येथेच आहे. शेतकऱ्यांनी पाट खोदून रुक्ष जमीन पिकाऊ केल्यावर कंपनीने एकरी साधारण 17 ते 40 डॉलर मागितले, म्हणजे त्यांच्याच घामाची किंमत त्यांच्याकडून वसूल करू पाहिली. डिसेंबर 1879 मधील संघराज्य न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला, तो मालकीहक्काविषयी होता, हे ध्यानात ठेवावे. पहिली गोळी कोणी झाडली यावर फार वेळ दवडू नये, कारण साक्षी परस्परविरोधी आहेत. शेवटी पाच शेतकऱ्यांना झालेल्या तुरुंगवासाची कागदपत्रे पाहताना आरोप नीट वाचावा: तो खुनाचा नसून सरकारी अधिकाऱ्याच्या कामात अडथळा आणल्याचा होता.