लिनक्स टाकण्याआधी: आधी फॉन्ट, मग बाकीचं

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे नाशकात घरोघरी आणि दुकानांमध्ये धडधाकट कॉम्प्युटर अडकून पडलेत. ते भंगारात देऊ नका, विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाका. पण पुढची तयारी करून टाका, आणि क्रम बदलू नका.

फोटो, व्हिडिओ, डाउनलोड, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. एवढं कोणीही सांगतं, म्हणून पुढे जातो.

फॉन्ट. जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, किरण, आयएसएमचं डीव्हीबी-टीटीसुरेख, जे जे तुमच्या मशीनवर असेल ते. मागच्या वेळी इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीचा कॉम्प्युटर बदलताना हेच राहिलं. फायली एकूण एक आल्या होत्या, बॅकअपमध्ये काहीही गाळलं नव्हतं, आणि तरी इतिवृत्तातली एक ओळ वाचता येईना. डिस्क तोवर पुसून झाली होती. म्हणून ही यादी लिहितोय आणि म्हणून फॉन्टचं पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे कंटाळा करणार नाही. या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलीत मराठी नसतंच. फायलीत इंग्रजी अक्षरं असतात, आणि त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्र दाखवायचं काम फॉन्ट करतो. कृतिदेवमध्ये ‘नाशिक’ लिहिलं तर फायलीत साठतं ते यू, के, एफ, एक अवतरणचिन्ह, पुन्हा के आणि शेवटी डी. यू म्हणजे न, के म्हणजे काना, एफ म्हणजे पहिली वेलांटी, अवतरणचिन्ह आणि के मिळून श, डी म्हणजे क. फॉन्ट असेल तोवर नाशिक, फॉन्ट गेला की ही सहा चिन्हं. युनिकोड म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्यात टाइप केलेल्या मजकुराला हा धोका नाही, तो कुठल्याही देवनागरी फॉन्टमध्ये वाचता येतो.

तुमची फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखायला एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर जुना फॉन्ट. ही परीक्षा प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-चार फायलींवर करा, एकीवर करून थांबू नका. २०१० च्या आधीचं बहुतेक सगळं जुन्या फॉन्टमध्ये निघेल, आणि नंतरचंही पुष्कळ निघेल, कारण सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाच्या परिसरात टायपिस्टकडून करून आणलेले मसुदे, पत्रिकेचा मजकूर, मंडळाच्या पावत्या हे सगळं ज्याच्या त्याच्या सवयीच्या फॉन्टमध्ये असतं.

आता कृती. सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स: तिथले मराठी फॉन्ट उचलून बॅकअपच्या डिस्कवर ‘फॉन्ट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. एवढ्यावर सुटका नाही. विंडोज १० च्याच नंतरच्या आवृत्त्यांमध्ये फॉन्ट फक्त एका युजरसाठी टाकला असेल तर तो त्या युजरच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. तिथेही बघा. दोन्ही जागा बघा. मग ते फॉन्ट खरंच कॉपी झालेत का, ते बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. फॉन्ट विकत घेतलेला असेल तर त्याचा परवाना दुसऱ्या सिस्टिमवर वापरायला मुभा देतो का, तेही वाचा.

फॉन्ट बरोबर नेलात तरी त्याने फक्त वाचता येईल आणि छापता येईल. टाइप करायचं काम श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरं करतात आणि ती विंडोजवरची आहेत. म्हणून ज्या फायलींमध्ये पुढेही बदल करायचेत त्या युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात. मात्र खरेदीखत, मृत्युपत्र, आधार क्रमांक असलेले अर्ज असं काही अनोळखी वेबसाइटवर चिकटवू नका. त्यासाठी इंटरनेटविना चालणारं साधन घ्या. रूपांतर झाल्यावर वाचून बघा, आणि डोळा दोन ठिकाणी ठेवा: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठते. रफाराचं उलटं. साधन चुकतं ते इथेच. एक्सेल असेल तर एकेक रकाना घेऊन रूपांतर करा. अख्खी शीट एकदम टाकलीत तर इंग्रजीतले ईमेल, पॅन, बँकेचे आयएफएससी कोड या सगळ्याचं मराठी करून ठेवेल. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेचे हिशेब आणि मजुरांची हजेरी अशा शीटमध्येच असते, तिथे फार सांभाळून.

ज्या फायली नुसत्या जपायच्या आहेत, बदलायच्या नाहीत, त्यांची विंडोजवर असतानाच पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. पेजमेकर आणि कोरलड्रॉचीही पीडीएफ करा. मूळ फाइल, पीडीएफ आणि फॉन्ट, तिन्ही हवं. मूळ फाइल एकटी उपयोगाची नाही, हे लक्षात राहू दे.

आता सॉफ्टवेअर. कागद घ्या आणि महिन्याभरात ज्याला हात लावता ते सगळं लिहून काढा. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी हे विंडोजवरही मिळतं. आधी तिथेच वापरायला लागा, म्हणजे एकाच दिवशी सगळं अनोळखी होणार नाही. टॅली विंडोजसाठीच बनतं. त्यावर धंदा चालत असेल तर ते मशीन बदलू नका, दुसरं बदला. डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी तपासा, निविदा भरायच्या आदल्या रात्री नाही. प्रिंटरचं तसंच. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच चालतात. कॅननचा एलबीपी २९००, जो निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे दिसतो, तो मात्र घाम काढतो. त्याची बोली वेगळी आहे आणि लिनक्सचा ड्रायव्हर जुना. तो असेल तर छापायची सोय वेगळी करून ठेवा.

कुठलं लिनक्स, यावर आठवडे घालवू नका. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातलं नवख्याने लिनक्स मिंट घ्यावं. सिनॅमन आवृत्ती विंडोजसारखीच दिसते, आणि रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. मिंटची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. विषय संपला.

अख्खं मिंट ज्या एका फाइलमध्ये मिळतं ती आयएसओ फाइल तीन जीबीच्या आसपास असते. ती मिंटच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि फाइल जशीच्या तशी उतरली का ते कळण्यासाठी तिथे दिलेला एसएचए-२५६ आकडा जुळवून बघा, कारण अर्धवट उतरलेली फाइल मधेच दगा देते. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, त्यावर ती फाइल रूफस या विंडोजवरच्या फुकट प्रोग्रामने लिहायची. पेनड्राइव्हवरचं सगळं जातं, त्यामुळे फॉन्ट घेतलेला पेनड्राइव्ह चुकूनही वापरू नका.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, बघा. बऱ्याच लॅपटॉपवर तो नकळत चालू असतो. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. मोबाइलमध्ये नको, कागदावर. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचा ड्राइव्ह लिनक्समधून फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही.

माझं ठाम मत विचाराल तर शेजारी-बिजारी टाकूच नका. एम. जी. रोडला जा, २५६ जीबीची एसएसडी घ्या, जुनी डिस्क काढून ठेवा आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाका. मशीन वेगवान होतं हा फायदा आहेच, पण खरं कारण म्हणजे जुनी डिस्क हात न लावता शिल्लक राहते. एखादा फॉन्ट राहिला तर तिथून आणता येतो. विंडोज पुसून टाकलं की तो दरवाजा बंद.

मग मशीन सुरू होतानाच बूट मेनूची कळ दाबा आणि पेनड्राइव्हवरून चालू करा. डेल, लेनोवो, एसरला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, आसुसला एस्केप किंवा एफ ८. डिस्कवर काहीही न टाकता मिंट पेनड्राइव्हवरून चालतं, आणि या तालमीला किमान एक संध्याकाळ द्या. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर बघा. वायफाय सापडलं नाही तर मोबाइल केबलने जोडून टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचंच इंटरनेट वापरा. सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्त्यात केबल तुटली तरी हाच उपाय.

आणि याच तालमीत बॅकअपची डिस्क लावून जुन्यातली जुनी मराठी फाइल उघडा. चिवडा दिसेल. मग ‘फॉन्ट’ फोल्डरमधला फॉन्ट बसवा, लिब्रेऑफिस बंद करून उघडा, फाइल पुन्हा उघडा. मराठी दिसलं? छान. नाही दिसलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोजमध्ये परत जा आणि राहिलेला फॉन्ट शोधा. अजून काहीही बिघडलेलं नाही. तालमीत ही परीक्षा पास झाल्याशिवाय ‘इन्स्टॉल’वर क्लिक करायचं नाही, म्हणजे नाही.

बसवताना: लॅपटॉपला चार्जर, डेस्कटॉपला यूपीएस. महावितरणचा देखभालीचा दिवस टाळा. डिस्क निवडताना आकार बघून निवडा. डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल आरएसटी ही डिस्क हाताळायची पद्धत चालू असेल, ते बदलण्याआधी माहितगाराला विचारा. गाणी-व्हिडिओ चालण्यासाठी मल्टिमीडिया कोडेकवर खूण करा. पासवर्ड कागदावर लिहा.

बसल्यावर: अपडेट. सिस्टिमची प्रत ठेवणारा टाइमशिफ्ट लावा, पण तो सिस्टिम वाचवतो, तुमच्या फायली नाही. मराठी कीबोर्डला इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी निवडा. ळ शिफ्ट-एनवर आणि ‘तऱ्हा’मधला ऱ शिफ्ट-जेवर. इंग्रजी उच्चारावरून टाइप करायचं फोनेटिकही आहे, पण इनस्क्रिप्ट शिकून घ्याच. ‘लोहित मराठी’ किंवा ‘मुक्त’ नावाचा युनिकोड फॉन्ट टाका. विंडोजच्या मंगल या युनिकोड फॉन्टमधली जुनी पत्रं उघडाल तेव्हा ओळी सरकतील, पानं पुन्हा जुळवावी लागतील. घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे झालं तर घाबरू नका. विंडोज स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी ही जागतिक वेळ, एका सेटिंगने जुळतं.

जुनी डिस्क लगेच पुसू नका आणि कोणाला देऊ नका. मार्चअखेरचे हिशेब, सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची सोसायटीची वार्षिक सभा, दिवाळीच्या पावत्या, असं वर्षातून एकदाच उघडणारं सगळं नव्या मशीनवर एकदा उघडून, छापून झालं पाहिजे. त्यात एखादा फॉन्ट निघतोच.