कंपनी-ग्राहकाच्या मागचा खरा माणूस कसा शोधायचा: मनी लाँडरिंग रोखण्यासाठी तपासणी

बहुतेक ठिकाणी केवायसी (ग्राहकाची ओळख-तपासणी) म्हणजे फॉर्म भरून घेतला, ओळखपत्राची प्रत लावली, पत्त्याचा पुरावा जोडला आणि फाइल बंद केली. पुढे त्याच खात्यात अचानक मोठी रक्कम आली, की ती रास्त आहे का हे ठरवायला फाइलमध्ये काहीच सापडत नाही. ग्राहक नेमकं काय करतो, पैसा कुठून येणार, साधारण किती येणार, हे कोणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स, म्हणजे एफएटीएफ, ही १९८९ मध्ये स्थापन झालेली संस्था या विषयातले जागतिक निकष ठरवते. तिच्या ४० शिफारशींपैकी दहावी ग्राहक-तपासणीची आहे. ग्राहकाची ओळख पटवा, खरा मालक शोधा, व्यवहाराचा हेतू समजून घ्या आणि नंतरही नजर ठेवा, अशी चार कामं ती सांगते. यातलं तिसरं काम सर्रास राहून जातं आणि ते राहिलं की चौथंही कोलमडतं.

आधी अपेक्षा लिहून घ्या

"व्यापार" एवढंच उत्तर चालवून घेऊ नका. कशाचा व्यापार, घाऊक की किरकोळ, माल कुठून येतो, मुख्य गिऱ्हाईकं कोण, पैसे रोखीत येणार की बँकेतून, कोणत्या देशांत जाणार, महिन्याला किती व्यवहार आणि किती रकमेचे, हे सगळं विचारा. फॉर्मवर रकमेचे पर्याय देत असाल तर पट्टे अरुंद ठेवा. एकाच पट्ट्याच्या दोन टोकांत शंभरपट अंतर असेल, तर ते उत्तर पुढे कशाशीही ताडून पाहता येत नाही.

ओळखपत्र

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख या प्रत्येकानंतर एक तपासणी-अंक येतो. तो हातानेही काढता येतो. प्रत्येक अंकाला क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असं गुणायचं, बेरीज करायची आणि १० ने भागून बाकी घ्यायची. अक्षर आलं तर ए म्हणजे १०, तिथपासून झेड म्हणजे ३५. रिकामी जागा भरणारं < हे चिन्ह म्हणजे शून्य. जन्मतारीख ८५०३१७ असेल, तर ५६ + १५ + ० + २१ + ३ + ७ = १०२, म्हणून पुढचा अंक २ हवा. तो जुळला नाही तर दोन शक्यता उरतात: स्कॅनरने अक्षर चुकीचं वाचलं (शून्य आणि ओ यांची गल्लत नेहमीची आहे), किंवा कोणी प्रतिमेत तारीख बदलली आणि हा अंक बदलायचा विसरला. पण अंक जुळला म्हणून पासपोर्ट अस्सल ठरत नाही, कारण हे गणित सगळ्यांसाठी खुलं आहे. खरा भरवसा पासपोर्टमध्ये बसवलेल्या चिपमधल्या माहितीचा, कारण तिच्यावर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते. ग्राहक समोर नसेल तर चिप वाचणं आणि चेहरा थेट कॅमेऱ्यात पाहणं, दोन्ही करा.

कंपनीमागचा माणूस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भागधारकांची नोंदवही मागवा आणि कागदावर आकृती काढा. भागधारक दुसरी कंपनी असेल तर तिचेही भागधारक मागवा. हाडामांसाची माणसं लागेपर्यंत थांबायचं नाही. खरा मालक ठरवण्याची मर्यादा बऱ्याच देशांत २५ टक्के आहे, काही ठिकाणी ती १० टक्क्यांपर्यंत खाली येते. तुम्हाला लागू असलेला कायदा पाहून धोरणात स्पष्ट आकडा लिहा.

नुसता गुणाकार करून थांबलं की चूक होते. समजा, एका माणसाकडे 'अ' कंपनीचे ६० टक्के भाग आहेत आणि 'अ'कडे तुमच्या ग्राहक-कंपनीचे ४० टक्के. गुणाकार केला तर २४ टक्के येतात आणि २५ च्या मर्यादेतून तो निसटतो. पण 'अ' त्याच्या पूर्ण ताब्यात आहे, म्हणून ग्राहक-कंपनीतली ४० टक्के मतं तोच ठरवतो. त्यामुळे दोन्ही आकडे काढा, एक आर्थिक हिश्शाचा आणि एक ताब्याचा. कोणताही एक मर्यादेपलीकडे गेला तर त्या माणसाची पूर्ण तपासणी करा.

भागांतून कोणी सापडलं नाही तर ताबा दुसऱ्या वाटेने असू शकतो. संचालक नेमण्या-काढण्याचा हक्क कोणाला, मतदानाचा करार आहे का, मुखत्यारपत्र कोणाच्या नावे आहे, बँकेत पैसे पाठवायला मंजुरी कोण देतं, हे विचारा. तरीही कोणी हाती लागलं नाही, तरच सर्वोच्च व्यवस्थापकाचं नाव लिहायचं आणि आधीच्या दोन पायऱ्यांवर काय काय तपासलं हेही सोबत नोंदवायचं. कामाच्या घाईत पहिल्या झटक्यालाच व्यवस्थापकाचं नाव टाकून मोकळं होण्याची सवय फार घातक आहे. ट्रस्ट असेल तर टक्केवारी बाजूला ठेवा. तो स्थापन करणारा, विश्वस्त, प्रोटेक्टर (विश्वस्तांवर देखरेख ठेवणारा) असल्यास तो आणि लाभार्थी, सगळ्यांची ओळख घ्यावी लागते.

खालच्या गोष्टी दिसल्या की सावध व्हा:

- मर्यादेच्या जरा खाली बसवलेले हिस्से, जसे २४.९ टक्क्यांचे चार भागधारक
- एकाच पत्त्यावर ढीगभर कंपन्या, किंवा एकच संचालक कित्येक कंपन्यांत
- धंद्याबद्दल साधा प्रश्न विचारला की संचालकाऐवजी दुसराच कोणीतरी उत्तर देतो

सरकारी नोंदणीतला उतारा जरूर घ्या, पण बऱ्याच नोंदण्यांत कंपनीने स्वतः सांगितलेलंच उतरवलेलं असतं. म्हणून तो ग्राहकाच्या कागदांशी आणि बोलण्याशी ताडून पाहा.

याद्यांशी नावं जुळवणं

कंपनीबरोबर मालक, संचालक आणि सही करणारे, सगळ्यांची नावं निर्बंध-याद्यांवर, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहार करायला बंदी आहे त्यांच्या याद्यांवर, तपासा. अमेरिकेच्या ओएफएसी या निर्बंध राबवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या नियमाप्रमाणे निर्बंधित व्यक्तींचा एकत्रित हिस्सा ५० टक्के किंवा जास्त असेल, तर ती कंपनी स्वतः यादीत नसली तरी निर्बंधित धरली जाते. अरबी किंवा रशियन नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं, म्हणून हुबेहूब जुळणी पुरत नाही. नाव जुळल्याचा अलर्ट बंद करताना "हा तो नव्हे" एवढंच लिहू नका. जन्मतारीख, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व यांपैकी नेमकं काय वेगळं आहे ते लिहा.

राजकीय पदावरच्या व्यक्तीला खातं नाकारायची गरज नसते. वरिष्ठांची मंजुरी, संपत्तीचा स्रोत आणि या पैशाचा स्रोत, एवढं मात्र हवंच. "माझ्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून आले" यातून पैसा कोणत्या वाटेने आला ते कळतं, कमावला कसा ते कळत नाही. मालमत्ता विकली असेल तर खरेदीखत मागा, वारसा असेल तर त्याचे कागद.

खातं सुरू झाल्यावर

आता ती पहिली अपेक्षेची नोंद कामाला येते. आलेला पैसा त्याच दिवशी बाहेर जाणं, ज्या रकमेपासून सरकारला कळवावं लागतं तिच्या जरा खालच्या रकमा वारंवार भरल्या जाणं, संबंध नसलेल्या तिऱ्हाइताने कर्ज फेडणं, यांतलं काही दिसलं की नोंदीशी ताडून पाहा. डान्स्के बँकेच्या एस्टोनिया शाखेतून २००७ ते २०१५ या काळात अनिवासी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो फिरले. आतल्याच माणसाने २०१३ मध्ये लेखी इशारा दिला होता, तरी हा प्रकार २०१५ पर्यंत चालूच राहिला. म्हणूनच अनुपालन अधिकाऱ्याला (नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्याला) विक्री विभागाच्या हाताखाली ठेवू नका. त्याला थेट संचालक मंडळापर्यंत वाट हवी, आणि ग्राहक नाकारायचा अधिकारही.

संशय टिकला तर देशाच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे अहवाल पाठवा. अर्ध्यावर सोडलेल्या व्यवहाराचाही पाठवायचा असतो. ग्राहकाला याची कुणकुण लागता कामा नये. सगळ्या कर्मचाऱ्यांना दिसणाऱ्या प्रणालीत "अहवाल पाठवला" अशी खूण कधीच ठेवू नका, कारण काउंटरवरचा माणूस सहज बोलून जातो. आणखी चौकशी केली तर ग्राहक सावध होईल असं वाटलं, तर तपासणी तिथेच थांबवून थेट अहवाल पाठवायची मुभा एफएटीएफच्या दहाव्या शिफारशीच्या स्पष्टीकरण-टिपेतच आहे. कागद संबंध संपल्यानंतर किमान ५ वर्षं जपा. मालक, संचालक किंवा व्यवसाय बदलला की ठरलेल्या फेरतपासणीची वाट न पाहता फाइल त्याच आठवड्यात उघडा.