हाऊस ट्रॅकवर पर्कशन लूप मशिनसारखा वाजत होता, शेवटी असा जमला
१२४ बीपीएमच्या (मिनिटाला १२४ ठोके) हाऊस ट्रॅकवर, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकवर, कुठलाही पर्कशन लूप (तालवाद्याचा फिरत राहणारा तुकडा) टाकला की शिलाई मशिन चालू केल्यागत वाटायचं. फुकटचे सॅम्पल पॅक (तयार आवाजांचे संच) झाले, स्विंग (मधले ठोके जरा उशिरा टाकणं) वाढवून झाला, रिव्हर्ब (घुमारा) ओतून झाला, डोक्याची पार मंडई. शेवटी सांगलीतल्याच एका हलगीवाल्या दादांना घरी बोलावलं. आधी हलगी शेकून घेतली (पावसाळ्यात ती उतरतेच), मग त्यांच्या कानात हेडफोनवर नुसता १२४ चा क्लिक (टिकटिक ठेका) दिला आणि मोबाईल दोन हात लांब ठेवून सलग ३२ बार (चार ठोक्यांचा एक बार) वाजवून घेतले. हात बसल्यावरचे मधले ८ बार कापले, क्वांटाइझ (ठोके नेमक्या ठेक्यावर ओढणं) १०० नाही, फक्त ४० टक्के, मग २०० हर्ट्झच्या खालचं हायपास फिल्टरनं उडवलं म्हणजे किकशी (ट्रॅकमधला खालचा धप्प ठोका) भांडण नाही, आणि सगळ्यात शेवटी किकवरनं हलकं साइडचेन (किक वाजली की हलगी क्षणभर दबते). एका बारचाच लूप फिरवू नका, कान लगेच पकडतो.