मुरूम उपसलेल्या बरडीवर तरोटा दिसला तर उपटू नका

रस्त्याच्या भरावासाठी मुरूम काढलेल्या किंवा वीटभट्टीसाठी माती खरवडलेल्या वावरात पहिल्याच मृगात संत्र्याची कलमं लावायची घाई करू नये. वरची वीतभर माती गेली की सेंद्रिय कर्बही गेला. उरलेला मुरूम पाणी धरत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात तव्यासारखा तापतो. तिथे आधी तरोटा (टाकळा), कुसळी गवत, उन्हाळी (शरपुंखा), हिवर असली काटक मंडळीच तग धरतात. दोन पावसाळे त्यांना द्या.

तरोट्याला शेंगा येतात म्हणून तो हवेतला नत्र मातीत बांधतो, हा गैरसमज आहे. त्याच्या मुळांवर गाठी नसतात. पण तो जमीन झाकतो, पाला गाळतो आणि गाजर गवताला दाबून टाकतो. कोवळा असताना भाजी होते ती वेगळीच. गाजर गवत मात्र फुलोऱ्याआधी, ओल असताना हातमोजे घालून मुळासकट उपटा.

नत्रासाठी स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक पेरा. आधी ढाळाला आडवे चर खणा, 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल. माती उताराच्या अंगाला टाका. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर एकरी 2 किलो बी घ्या. टरफल कठीण असतं, म्हणून 80 अंश गरम पाण्यात 4-5 मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात काढा. उकळत्या पाण्यात बी मरतं. सावलीत सुकवून चवळी गटाचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र बांधणारे जिवाणू) चोळा, दहापट वाळूत मिसळून फेका आणि वरून काट्याची फांदी हलकेच ओढा. वखर घालू नका. एक सेंमीपेक्षा खोल गेलेलं बी सहसा वर येत नाही. पाच-सहा आठवड्यांनी एक रोप खुरप्याने मुळासकट काढून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर नत्र बांधण्याचं काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

चराच्या भरावावर बाभूळ, हिवर यांचं बी टोबा (खोचून लावा). बाभळीच्या शेंगा खाऊन बकऱ्या रवंथ करताना बिया थुंकतात; कोठ्यातल्या (गोठ्यातल्या) त्या बिया चांगल्या उगवतात. सुबाभूळ नको, तिचं बी आवरत नाही.

बहुतेक बरडी बिघडतात त्या चराईने आणि उन्हाळ्यात लावलेल्या आगीने. चारा हवा असेल तर विळ्याने, जमिनीपासून चार-पाच बोटं सोडून कापून न्या.

तिसऱ्या जूनमध्ये माती तपासून एका पट्ट्यात तूर घेऊन पाहा. पिवळी पडली तर तेवढा तुकडा आणखी एक पावसाळा गवतालाच ठेवा.