तळपायांची आग होतेय? उपचार ठरवताना काय पाहावं

दिवस कसाबसा जातो, पण रात्री पायाला चादर लागली तरी नकोसं होतं. आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं वाटणं ही बहुधा नसांची तक्रार असते. नेहमीची दुखण्याची गोळी तिच्यावर फारशी चालत नाही.

१. आधी रक्त तपासायला द्या, मग व्हिटॅमिन घ्या. मेडिकलवाल्याकडून 'नसांच्या' गोळ्या आणण्याची घाई नको. बी-१२चं इंजेक्शन घेतल्यावर तपासणी केली तर आकडा छान येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. या गोळ्यांमधलं बी-६ जास्त मात्रेत बरेच दिवस पोटात गेलं, तर त्यानेच नसा बिघडतात. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एवढं तरी करून घ्या. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ची तपासणी हमखास करा. दारू घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

२. पाय तपासून घ्या. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचं महापालिका रुग्णालय असो की घराजवळचे डॉक्टर, चपला-मोजे काढायला लावतात का ते बघा. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा जाड धागा तळव्यावर वाकेपर्यंत टेकवतात. स्पर्श कळला की सांगायचं. दोन मिनिटांचं काम, पण बधिरपणा किती आहे ते कळतं. नसांची विद्युत तपासणी मात्र बारीक नसा बिघडल्या असल्या तरी नॉर्मल येऊ शकते. तेव्हा 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' हे ऐकून गप्प बसू नका.

३. गोळीला वेळ द्या. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांपैकी एखादी कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. फरक पडायला काही आठवडे लागतात आणि दुखणं निम्म्यावर आलं तरी औषध लागू पडलं म्हणायचं. प्रीगॅबालिनने झापड येते, पाय सुजू शकतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन घेण्याआधी सांगाच. कोणतीही गोळी एकदम बंद करू नका.

४. काशाची वाटी? बरं वाटतं, यात वाद नाही. पण पाय बधिर असेल तर जोर लावून घासू नका. कातडी सोलली तरी कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच.

५. रोज रात्री तळवे आरशात पाहा, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. न दुखणारी जखम दिसली तर त्याच दिवशी दाखवा. पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.