ऑर्किडच्या कुंडीत औषध ओतण्याआधी: पावसाळी सल्ला

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणात, गोव्यात शेडनेटमधल्या डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडवर बुरशीनाशकाचा पंप फिरू लागतो. पानांवर ठिपके दिसत असतील तर जरूर फवारा. पण उरलेलं द्रावण ‘वाया कशाला’ म्हणून कुंडीत ओतू नका.

ऑर्किडच्या मुळांच्या पेशींत बुरशीच्या धाग्यांची वेटोळी असतात. ती रोगाची नव्हेत. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया, पण वालाच्या दाण्यात असतो तसा अन्नाचा साठा एकीतही नाही. बुरशीचा धागा आत शिरून साखर पुरवील तेव्हाच रानातलं बी रुजतं. फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांना 1899 मध्ये हे उमगलं. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी माध्यमातच साखर घालून बी रुजवून दाखवलं. प्रयोगशाळेच्या बाटलीतून येणारी रोपं निर्जंतुक माध्यमावर वाढतात, म्हणून ती येतात तेव्हा त्यांच्या मुळांत ही बुरशी नसते.

यातली बरीचशी बुरशी रायझोक्टोनियाच्या गोतावळ्यातली, म्हणजे भातावर पर्णकोष करपा आणणारीची भावकी. औषधाला सख्खं-सावत्र कळत नाही. रोगट बुरशीवर उतारा म्हणून देतात तो ट्रायकोडर्माही (तीही एक बुरशीच) रायझोक्टोनियावर तुटून पडतो, तेव्हा तोही दर पंधरवड्याला सवयीने देऊ नका. आणि दुकानातलं ‘मायकोरायझा’चं पाकीट? त्यात बहुधा व्हॅम असतं, म्हणजे मुळांत राहणारी वेगळ्याच गोतावळ्यातली बुरशी. ते आंब्या-मिरचीला चालतं, ऑर्किडला त्याचा उपयोग नाही. तो खर्च वाचवा.

मूळ कसं ओळखायचं? निरोगी मूळ कोरडं असताना रुपेरी, भिजलं की हिरवट आणि दाबल्यावर घट्ट लागतं. कुजलेलं तपकिरी, लिबलिबीत असतं, साल ओढली की आत नुसता दोरा उरतो. तेवढंच निर्जंतुक कात्रीने कापा, आणि औषध त्याच कुंडीपुरतं द्या. खत लिटरला 1 ग्रॅमच्या वर नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे पाणी धरून राहत असतील तर निचरा सुधारा. निम्मी कूज तिथेच थांबते.

मूळ जिथे सालीला किंवा सोडणाला चिकटतं, तिथेच बुरशी जास्त असते. लोंबणाऱ्या भागात ती कमी. म्हणून कुंडी बदलताना चिकटलेली मुळं ओरबाडू नका, तुकड्यासकट हलवा.

बी रुजवून पाहायची हौस असेल तर बोंड तडकायच्या बेतात आल्यावर काढा. ते बी मातृरोपाच्या मुळांजवळ, खडबडीत शेवाळलेल्या सालीवर, पावसाचा थेट मारा नसेल तिथे भुरभुरा. कित्येक महिने काही दिसणार नाही. मग एखादा मोहरीहून बारीक हिरवा दाणा दिसला तर दिसला. बहुतेक बी वायाच जातं, हे धरून चाला.

वादळात तुमच्या बागेतल्या आंब्या-फणसाची फांदी सीतेच्या वेणीसकट (हे झाडावर वाढणारं रानटी ऑर्किड) पडली, तर रोप सालीपासून सोडवू नका. सालीच्या तुकड्यासह दुसऱ्या झाडाच्या सावलीकडच्या अंगाला काथ्याने बांधा. उभ्या रानातली मात्र काढू नका.