मुलांच्या दुचाकीबंदीवर हरकत नोंदवण्यापूर्वी

लहान मुलांना दुचाकीवरून नेण्यास सरसकट बंदी करणारा मसुदा उद्या गोव्यात आलाच, तर हरकतींचा तुटवडा पडणार नाही. त्यांतल्या बऱ्याच मात्र 'आमची मुले आम्ही सांभाळू, सरकारने त्यात पडू नये' एवढ्यावर संपतील, आणि अशी हरकत निकालात काढायला अधिकाऱ्याला एक शेरा पुरतो. म्हणून पुढील तयारी मसुदा येण्याआधीच करून ठेवावी.

सर्वप्रथम बंदी कोणत्या वाटेने येत आहे ते पाहावे, कारण पुढची सगळी दिशा त्यावर ठरते. मोटार वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे विधानसभेत स्वतंत्र विधेयक आले आणि त्यातील तरतूद केंद्राच्या 1988च्या मोटार वाहन कायद्याशी विसंगत ठरली, तर अनुच्छेद 254(2)नुसार राष्ट्रपतींची संमती मिळाल्याखेरीज ती टिकत नाही. अशा वेळी आपल्या आमदाराकडे विधेयक चिकित्सा समितीकडे, म्हणजे विधेयक बारकाईने तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, पाठवण्याचा आग्रह धरावा. बंदी नियमाच्या रूपाने आली, तर याच 1988च्या कायद्याच्या कलम 212प्रमाणे मसुदा आधी प्रसिद्ध करणे सरकारला भाग आहे, आणि हरकतींची मुदत त्याच अधिसूचनेत असते. मुदत उलटून आलेल्या पत्राला कोणी विचारत नाही. तेव्हा राजपत्रावर नजर ठेवण्याचे काम कोणा एकाच्या अंगावर टाकावे. 'सगळे बघू' म्हटले की कोणीच बघत नाही.

दुसरे काम आजचा कायदा नीट वाचण्याचे आहे, आणि विरोधाचा खरा आधार तिथेच सापडतो. 2019च्या दुरुस्तीनंतरचे कलम 129 चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे करते आणि त्याहून लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. तो अधिकार वापरून केंद्राने 15 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 138 मध्ये भर घातली, आणि ती वर्षभराने लागू झाली. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर जाता कामा नये, असे हा नियम सांगतो. पट्टा म्हणजे मुलाच्या अंगात घालायचे बिनबाह्यांचे जाकीट असते. त्याला जोडलेले बंद चालक आपल्या खांद्यांत अडकवतो. ते हलके, पाणी न धरणारे, जाड नायलॉनचे, आत फोम भरलेले आणि 30 किलोपर्यंत वजन पेलणारे असावे, इतका तपशील नियमात आहे. असे एक जाकीट विकत आणून सुनावणीला सोबत न्यावे आणि मुलाला घालून दाखवावे. मूल दुचाकीवर बसणार हे केंद्राने मान्य केले आहे आणि ते कसे बसावे हेही ठरवून दिले आहे. हा नियम गोव्याच्या रस्त्यांवर किती राबवला हे सांगितल्याशिवाय सरकारला बंदीची गरज पटवून देता येणार नाही.

त्यानंतर आपली दुबळी बाजू तपासावी. कलम 128 चालकाखेरीज एकाच व्यक्तीला परवानगी देते आणि त्यात मुलांसाठी वेगळी सवलत नाही. 2023 मध्ये केरळने बारा वर्षांखालील मुलाला तिसरा प्रवासी म्हणून नेऊ द्यावे अशी मागणी केली होती. केंद्राने ती फेटाळली. गणेशचतुर्थीला आई, बाबा आणि मधोमध मूल अशी स्कूटर मूळ घराकडे निघते, हे चित्र आपल्या कितीही ओळखीचे असले तरी त्याचे समर्थन निवेदनात एका शब्दानेही करू नये. स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाचेही तेच. मागे बसणाऱ्या मुलाचे पाय पायटेकूपर्यंत पोचतात का, धरायला मूठ आहे का, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण जागेवर आहे का, हे प्रत्येकाने आपल्या गाडीवर पाहावे. केंद्रीय नियमांतील नियम 123 या तिन्ही वस्तू सक्तीच्या करतो, पण चाकावरचे संरक्षण काढून टाकलेल्या गाड्या सर्रास दिसतात, आणि आऱ्यांत अडकलेल्या पावलाची जखम फार वाईट असते. निवेदन द्यायला येणारा पालकच बिनहेल्मेटचे मूल घेऊन आला, तर वर्तमानपत्रात निवेदनाऐवजी त्याचाच फोटो येईल.

आकडे माहिती अधिकारातून मागवावेत. उत्तराची मुदत तीस दिवसांची असल्याने अर्ज आजच करावा. दुचाकी अपघातांत किती मुले दगावली, एवढेच विचारून भागत नाही. वय, हेल्मेट, गाडीवर एकूण किती जण होते, अपघात महामार्गावर झाला की गावच्या रस्त्यावर, आणि 2022च्या नियमाखाली किती जणांना दंड झाला, हे वेगवेगळे विचारावे. उत्तर आपल्याला गैरसोयीचे आले तरी ते निवेदनाला जोडावे, कारण ते सरकारच्या हाती आधीच आहे.

पर्यायांची पाहणी वाडा, म्हणजे गावातली एकेक वस्ती, धरून करावी. बालरथ ही शाळेची बस अनुदानित शाळांसाठी आहे, आणि कदंब या सरकारी परिवहन महामंडळाची बस वाड्यापर्यंत येत नाही. तिथून बसथांब्यापर्यंतचा रस्ता अरुंद, वळणांचा आणि पदपथ नसलेला असेल, तर बंदीनंतर मूल त्याच रस्त्याच्या कडेने पावसात चालणार आहे. सत्तरी, डिचोली, पेडण्यातल्या गावांनी हे अंतर मोजून नकाशासह द्यावे. तापाने फणफणलेल्या मुलाला रात्री आरोग्य केंद्रात कसे न्यायचे, हा प्रश्न स्वतंत्र लिहावा. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकल पायलटांनाही, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून प्रवासी नेणाऱ्यांनाही, विश्वासात घ्यावे, कारण बंदीचा फटका त्यांच्याही पोटाला बसेल.

केवळ नकार घेऊन जाऊ नये. सोबत पर्यायी मसुदा असावा. टेक्सासमध्ये पाच, तर अर्कान्सासमध्ये आठ वर्षांखालील मुलाला मोटरसायकलवर नेता येत नाही, हे दाखले बंदीचे समर्थक देतीलच. आपण फिलिपिन्सचा 2015चा कायदा पुढे ठेवावा. तो वर्दळीच्या आणि वेगवान रस्त्यांवर मुलांना मनाई करतो, पण पाय पायटेकूवर टेकत असतील, हात चालकाच्या कमरेभोवती पोचत असतील आणि हेल्मेट असेल तर मोकळीक देतो. तातडीच्या उपचारासाठी नेल्या जाणाऱ्या मुलालाही त्यात सूट आहे.

शेवटी ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि तो इतिवृत्तात शब्दशः उतरला आहे ना, हे पुढच्या सभेत वाचून पाहावे. 1987च्या राजभाषा कायद्याने शासकीय कामात मराठीच्या वापराला वाव दिला आहे, म्हणून निवेदन मराठीत द्यायला संकोच नसावा. फक्त मसुद्यातील कलमांचे क्रमांक इंग्रजी प्रतीवरून ताडून घ्यावेत. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.